पुडी घेताना कानाला विचारा

मंडळी, भजनाला पेटी असते, टाळ असतात, गळे असतात. आणि ह्या सर्वांना एका दावणीत बांधणारा तबला नाहीतर पखवाज असतो. पेटीचा एक सूर बिघडला तर आपण लगेच कान टवकारतो. परंतु तबल्याची पुडी घेताना मात्र ‘कातडं जाड आहे ना? मग टिकेल’, एवढ्यावर पैसे मोजून मोकळे होतो. मीही एकदा तेच केले.

आमच्या गावातल्या बायकांनी भजनी मंडळ काढले. वर्षभर पैसापैसा बाजूला टाकून तबल्यापुरती रक्कम जमवली आणि ‘गुरुजी, तुम्हाला त्यातलं कळतं’, असे म्हणून खरेदीचे काम माझ्यावर सोपवले. मी शहरातून लहान तोंडाचा, दिसायला देखणा तबला आणला. दुकानात तो छान खणखणला होता. गावात पहिल्याच गुरुवारी पंचाईत झाली. मंडळातल्या वडीलधाऱ्या अक्का म्हणाल्या, “गुरुजी, तबला झ्याक हाय, पण आमच्यासंगं गातच न्हाई!”

अक्कांचे खरे होते. बायकांचा सूर काळी चार, आणि तबला होता काळी एकचा. तसाच ठेवावा, तर तो त्यांच्या सुराचा मध्यम होतो. भूपातल्या अभंगात मध्यम नसतोच, त्यामुळे दर ठोक्याला खटके. उतरवून काळी चारवर आणावा, तर पुडी ढिली पडून आवाज बद्द येई. वर्षभराच्या कष्टाचा पैसा आणि माझी घाई!

आता हे असे का होते ते पाहू. पुडीचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तोंड किती रुंद, ताण किती आणि कातड्याचे वजन किती. तोंड मोठे तर सूर खाली. वजन जास्त तर सूर खाली. ताण जास्त तर सूर वर. पण ताणाचा हिशेब सरळ नाही, बरं का! सूर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट करावा लागतो. माझ्या तबल्याला काळी एकवरून खालच्या काळी चारवर उतरायचे होते. म्हणजे कंपनसंख्या सुमारे पाऊणपट. त्यासाठी सोळा आण्यांचा ताण नऊ आण्यांवर आणावा लागतो. मग कातडे बोलणार कसे?

म्हणून पहिला नियम असा: आधी गाणाऱ्याचा सूर पाहा, मग तोंडाचे माप ठरवा. काळी एकसाठी साधारण सव्वापाच इंच तोंडाचा तबला चांगला बोलतो. काळी चार किंवा पाच असेल, तर सहा-सव्वासहा इंचांचा पाहावा. नुसती पुडी बदलायची असेल तर आपले खोड बरोबर घेऊन जावे. अंदाजाने आणलेली पुडी नीट बसत नाही.

दुसरी गोष्ट शाईची. पुष्कळांना ती शोभेची वाटते. खरे म्हणजे तबल्याचा सगळा जीव तिच्यात आहे. साधे ताणलेले कातडे वाजवले की त्यातून अनेक आवाज निघतात. पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ आवाज १ धरला, तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येतात. म्हणून हलगीचा कडकडाट होतो, पण तिच्यात नेमका सूर सापडत नाही. मधोमध शाईचे वजन दिले की हेच आवाज जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पटींत येतात, आणि कानाला सूर मिळतो. आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली आणि पुढे १९३४ साली ह्याविषयी निबंध लिहून हे शास्त्र जगापुढे मांडले. कारागिरांच्या कानाला मात्र ते कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

शाई म्हणजे खळ आणि लोखंडाची बारीक पूड यांचे मिश्रण. ते एकदम थापत नाहीत. पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, पुन्हा थर द्यायचा. घोटताना शाईला अगदी बारीक भेगा पडतात. त्या दोष नव्हेत. त्यांच्यामुळेच ती कातड्याबरोबर लवते. तेव्हा पुडी घेताना शाईवरून बोट फिरवा. ती एकसारखी लागली पाहिजे. दाणे सुटता कामा नयेत, टवके निघता कामा नयेत.

तिसरी गोष्ट जाडीची. पातळ पुडी चटकन बोलते, तिची आस गोड असते. परंतु जोराच्या हाताला ती लवकर फाटते. जाड पुडी मार सोसते, पण ताण जास्त मागते आणि हलक्या बोटांना दाद देत नाही. ज्याचा हात मऊ त्याला पातळ, ज्याचा भारी त्याला मध्यम. पुडी उजेडासमोर धरली की कातडे कुठे जाड, कुठे पातळ ते दिसते. एकसारखे असेल तेच घ्या. मढवून झाल्यावर गजऱ्याच्या सोळाही घरांजवळ चाटेवर टिचकी मारून ऐका. सगळीकडे एकच सूर आला पाहिजे.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ऐन वेळी ओली कणीक लावतात, तीही ह्याच नियमाने. कणीक वाढवली की वजन वाढते आणि आवाज खाली जाऊन घुमतो. थोडी काढली की वर येतो. वाजवणे संपले की ती काढून टाकावी.

शाळेच्या बँडचा ड्रम असेल तर प्रश्न थोडा निराळा. अमेरिकेत १९५७ साली रेमो बेली यांनी प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याची पाने बाजारात आणली, आणि आता बहुतेक ड्रमांना तीच असतात. कातडे पावसाळ्यात ओल धरून ढिले पडते. म्हणून तर हलगी विस्तवावर शेकतात. प्लॅस्टिकला ती भीती नाही. त्यातही निवड आहे: एकपदरी पातळ पान खणखणीत वाजते आणि आवाज लांबतो, दुपदरी पान भरीव वाजते, आवाज लवकर थांबतो, आणि मुलांच्या हाताखाली जास्त टिकते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक प्रयोग अवश्य करावा. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुगा कापून ताणून बांधा आणि बोटाने वाजवा. अधिक ताणून वाजवा. मग मधोमध कणकेची छोटी गोळी चिकटवून वाजवा. आवाज चढतो कधी आणि उतरतो कधी, हे मुले स्वतःच सांगतील.

आणि आमच्या तबल्याचे काय झाले? मी तो परत नेला, थोडी पदरमोड केली आणि सव्वासहा इंची तबला घेतला. ह्या खेपेस एकटा गेलो नाही. अक्का बरोबर होत्या. दुकानातल्या पेटीवर त्यांनी काळी चार धरायला लावली, स्वतः सूर लावला आणि कारागिराला म्हणाल्या, “आता वाजवा.” तबला बोलला, तशा त्या हसल्या. मापे, इंच, शाई सगळे मी पाहिलेच. पण पसंती त्यांच्या कानाने दिली. तुम्हीही पुडी घ्यायला जाल, तेव्हा ज्याला गायचे आहे त्याला बरोबर न्यायला विसरू नका.