ज्यांना भेटायला कुणी येत नाही

नगरहून मनमाड रस्त्यानं राहुरीकडे निघालं की वाटेत शिंगवे नाईक लागतं. तिथं माऊली सेवा प्रतिष्ठानचा ‘इंद्रधनू’ प्रकल्प आहे. रस्त्यावर बेवारस सापडलेल्या मनोरुग्ण बायका इथं राहतात आणि त्यांच्यातल्या काहींची मुलंही इथंच वाढतात. प्रतिष्ठान चालवणारे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दोघे होमिओपॅथीचे डॉक्टर. प्रतिष्ठान १९९८चं. सुरुवातीचं काम साधं होतं : घरी स्वयंपाक करायचा आणि रस्त्याकडेला पडलेल्या, स्वतःचं भान नसलेल्या माणसांपर्यंत जेवण पोचवायचं.

डब्यानं भूक भागते, पण रात्र तशीच उघड्यावर काढावी लागते. रस्त्यावरच्या मनोरुग्ण बाईवर अत्याचार झाला तर तिला तो धडपणे सांगता येत नाही, सांगितला तरी वेडीचं बोलणं म्हणून सोडून दिला जातो. कित्येक जणी गरोदर अवस्थेत सापडतात. त्यामुळे निवाऱ्याशिवाय हे काम पुढं जाणार नव्हतं. राजेंद्र धामणे यांच्या वडिलांनी दिलेल्या जागेवर तो उभा राहिला आणि पुढं शेकडो बायकांचं घर झाला.

अशा संस्थेबद्दल लिहिताना चालकांच्या त्यागाला नमस्कार करून थांबायची आपली रीत आहे. नमस्कार करावाच, पण सेवेच्या दर्जाचा प्रश्न त्यानं सुटत नाही. एरवी दवाखान्यात दर्जावर लक्ष ठेवणारं माणूस म्हणजे रुग्णाचा नातेवाईक. चादर का बदलली नाही, ही नवी गोळी कशाची, हातावर हा वळ कसला, असं तो विचारतो आणि वेळेला भांडतोही. बेवारस बाईच्या वाट्याला हा भांडणारा माणूसच नसतो. म्हणून सेवा मोफत आहे, देणगीवर चालते, या कारणानं कसोटी सैल करता येत नाही. उलट ती इथंच सर्वांत कडक हवी.

ही कसोटी कुठं चुकते याचं भीषण उदाहरण तामिळनाडूतल्या एरवाडीचं. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तिथल्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. एरवाडीचा दर्गा मानसिक आजार बरे होण्यासाठी प्रसिद्ध, त्यामुळे नातेवाईक रुग्णाला तिथल्या आश्रमांत ठेवून जात. आत काय चाललंय हे पाहायला मात्र फारसं कुणी फिरकत नव्हतं.

आज ती कसोटी कायद्यात लिहिलेली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा, अंमल २९ मे २०१८पासून. रस्त्यावर असहाय फिरणारी मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर तिला संरक्षण देणं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणं आणि तिच्या घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. संस्थेत पाऊल टाकल्यावरचे नियमही बारीक आहेत : सक्तीनं केस भादरायचे नाहीत, गणवेश लादायचा नाही, पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत, काम सक्तीचं नको आणि केलेल्या कामाचा मोबदला हवा. तीन वर्षांखालच्या मुलाला एरवी आईपासून तोडायचं नाही.

कागदावर सोपं वाटणारं यातलं प्रत्येक कलम वॉर्डात अवघड होतं. महिनोन्‌महिने रस्त्यावर काढलेल्या बाईच्या डोक्यात जटा, उवा, कधी जखमेत अळ्या असतात. केस कापावेच लागतात, पण तिला समजावून की चौघींनी धरून, यात दर्जाचा फरक आहे. भाकरी थापणं, भाजी निवडणं हे कामही तसंच. हाताला काम मिळालं की विस्कटलेला दिवस पुन्हा बांधला जातो, हे पुनर्वसनाचं मोठं साधन आहे. तेच काम नकार द्यायची सोय न ठेवता, मोबदल्याशिवाय करून घेतलं तर ती फुकटची मजुरी होते. औषधांचंही तेच. गोळ्या घातल्या की बाई शांत होते, पण काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, हातपाय थरथरतात, लिथियम चालू असेल तर रक्त तपासत राहावं लागतं. शांत झालेला वॉर्ड म्हणजे बरा झालेला वॉर्ड नव्हे.

युरोपातल्या दहा देशांत लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ हेलन किलास्पी यांच्या पुढाकारानं दीर्घकाळ राहणाऱ्या मनोरुग्णांच्या सेवेचा दर्जा मोजणारी एक प्रश्नावली तयार झाली. ती सात गोष्टी पाहते : राहण्याची जागा, उपचाराला पोषक वातावरण, प्रत्यक्ष उपचार, स्वतःचे निर्णय घेण्याची मुभा, समाजाशी संबंध, मानवी हक्क आणि बरं होण्यावरचा विश्वास. यात इमारत एका सातव्या हिश्शापुरती येते, हे देणगीदारांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यादीतला सर्वांत कठीण मुद्दा समाजाशी संबंधांचा. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशननं रुग्णाला बरं करून घरी पोचवण्यावर भर दिला. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण प्रत्येकीसाठी घरचं दार उघडत नाही, आणि कडेवर मूल असेल तर ते उघडण्याची शक्यता त्याहून कमी. अशांसाठी चेन्नईच्या ‘द बनियन’नं वेगळी वाट काढली : चार-पाच जणींनी गावातल्या साध्या घरात, शेजारपाजारात, मदतनिसाच्या आधारानं राहायचं. शिंगव्यासारख्या ठिकाणी संस्था हेच घर होतं. मग ते घरासारखंच राहावं, वॉर्ड होऊ नये, ही रोजची राखण करावी लागते.

ही राखण चालकांच्या चांगुलपणावर सोडणं त्यांच्यावरही अन्याय आहे. कायद्यानं जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचे न्यायिक अधिकारी अध्यक्ष असलेली पुनर्विलोकन मंडळं नेमायला सांगितली आहेत. संस्थेतल्या रुग्णाची तक्रार ऐकणं हे त्यांचं काम. आपल्या वाट्यालाही काही येतं. वाढदिवसाला अशा संस्थेत एक वेळचं जेवण द्यायची प्रथा नगरकडे चांगली रुजली आहे. ताट वाढताना त्या बायकांचे फोटो काढू नयेत आणि चार गोष्टी विचाराव्यात : मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? रात्री किती माणसं कामावर असतात? यांनी केलेल्या कामाचे पैसे कुणाच्या नावावर जमा होतात? गेल्या वर्षी किती जणी इथून बाहेर पडल्या? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. नातेवाईक असता तर त्यानं हेच विचारलं असतं.