लाल न दिसणारी फिल्म

आठ बाय दहा इंचाच्या कॅमेऱ्यावर जीव असलेल्यांना एक्स-रे फिल्मची ओळख करून द्यायला नको. परदेशी शीट फिल्मच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या तसे अनेकजण दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांकडे वळले. तिथे हव्या त्या मापाची फिल्म मिळते: ८ बाय १०, १० बाय १२, १२ बाय १५, १४ बाय १७. तिच्या खोडीही पाठ झालेल्या असतात. दोन्ही अंगांना थर असल्याने भिजली की नखाच्या स्पर्शानेही ओरखडते; म्हणून ट्रेच्या तळाशी सपाट काच ठेवायची, डेव्हलपर अगदी पातळ करायचा आणि एका वेळी एकच शीट धुवायची. उजेडाचे प्रतिबिंब रोखणारा थर तिच्यात नसतो, त्यामुळे आभाळाला टेकलेल्या फांदीभोवती मऊ प्रभा पसरते. एका अंगालाच थर असलेली मॅमोग्राफीची फिल्म मिळाली, तर हा त्रास बराच कमी होतो.

मला मात्र तिच्या एकाच गुणाने वर्षानुवर्षे धरून ठेवले आहे. तिला लाल दिसत नाही.

दवाखान्यात या फिल्मवर चित्र उमटते ते मुख्यतः एक्स-किरणांनी नव्हे. कॅसेटच्या दोन्ही झाकणांना आतून पडदे लावलेले असतात. किरण पडताच ते चमकतात आणि त्या चमकीने दोन्ही थर उजळतात. रुग्णाला किरणांचा मारा कमी बसावा, यासाठी ही योजना. जुने कॅल्शियम टंगस्टेटचे पडदे निळे चमकत. नंतरचे गॅडोलिनियमचे पडदे हिरवे चमकतात, मुख्यतः ५४५ नॅनोमीटरच्या आसपास. फिल्मची नजर तेवढ्यापुरतीच घडवलेली. पुढे पिवळ्याकडे ती झपाट्याने मंदावते आणि लालपाशी संपते. त्यामुळेच लाल दिव्याखाली ट्रेमध्ये चित्र हळूहळू वर येताना डोळ्यांनी पाहता येते.

एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटांची नजर याहूनही अपुरी होती. ओल्या कोलोडियनला निळा, जांभळा आणि अतिनील एवढेच कळे. १८७३ मध्ये बर्लिनचे हेर्मान विल्हेल्म फोगेल यांना काही इंग्लिश प्लेटा अनपेक्षितपणे हिरव्यालाही प्रतिसाद देताना दिसल्या. प्रतिबिंबाची प्रभा टाळण्यासाठी त्या प्लेटांत पिवळसर रंग घातलेला होता. हिरवे दाखवले ते त्याच रंगाने, असे फोगेल यांनी मांडले. अनेकांनी ते मानले नाही. पुढच्याच वर्षी एदमों बेकरेल यांनी पानांतल्या हरितद्रव्याने तसाच परिणाम साधला, आणि फोगेल यांची बाजू भक्कम झाली. आजची हिरवी पाहणारी एक्स-रे फिल्म त्या शोधाच्याच वंशातली आहे. प्रभा रोखण्यासाठी घातलेल्या रंगातून जिला हिरवी नजर मिळाली, तिच्याच अंगी आज प्रभा रोखण्याची सोय नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

या नजरेच्या मर्यादेचा धागा धरून वाचत गेलो आणि कोकणात राजापूरच्या शेजारी असलेल्या विजयदुर्ग किल्ल्यापर्यंत पोचलो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण कोकणातून आत शिरून पूर्व किनाऱ्याकडे गेले. विजयदुर्गावर आजही दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी त्या दिवशी हेलियम शोधला, असे सांगितले जाते. ही कथा चुकीची आहे, आणि ती दुरुस्त व्हायला हवी. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. वर्णपट पाहणारी मंडळी इतरत्र पसरली होती: जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला टेनंट आणि फ्रेंच ज्यूल जान्सन, मछलीपट्टणला पॉगसन. लॉकियर यांनी सूर्यज्वाळांचा वर्णपट पाहिला तो २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्येच, ग्रहणाशिवाय.

विजयदुर्गाचा खरा मान तीस वर्षांनंतरचा आहे आणि तो कमी नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर स्वतः इथे आले. एचएमएस मेल्पोमीन या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे उभारले गेले; अशा कॅमेऱ्यात सूर्यकडेच्या प्रत्येक तेजस्वी रंगाची वेगळी कड प्लेटवर उमटते. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची, म्हणून कोणती प्लेट कोणी कधी सरकवायची याची आधी तालीमच हवी. लॉकियर यांचा विजयदुर्गचा अहवाल रॉयल सोसायटीने छापला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. हे नाव मराठी वाचकाला लॉकियर यांच्याइतकेच ओळखीचे असायला हवे होते.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. वर्णपटातली हेलियमची रेषा पिवळी, ५८७.६ नॅनोमीटरची. १८६८ च्या प्लेटांना पिवळे दिसतच नव्हते, म्हणजे ती रेषा तेव्हा फक्त डोळ्याला सापडण्यासारखी होती. एवढ्या मोठ्या शोधाचा पहिला पुरावा फोटो नव्हे, तर माणसांनी पाहून लिहिलेल्या नोंदी. हिरव्याला सरावलेल्या एक्स-रे फिल्मलाही ही रेषा नीट पकडता येणार नाही. १८९८ पर्यंत हिरवे-पिवळे पाहणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या होत्या. मधल्या काळात, १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवर सापडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोंटगेन यांनी एक्स-किरण जाहीर केले. त्यांचे पहिले चित्रणही फोटोच्याच काचेच्या प्लेटांवर झाले. खास एक्स-रेची फिल्म पुढच्या शतकात आली, पहिल्या महायुद्धाने काचेचा पुरवठा तोडल्यावर तिला जोर आला, आणि दोन्ही अंगांना थर असलेली फिल्म १९१८ मध्ये निघाली. आपण हाडांची फिल्म कॅमेऱ्यात घालतो, तेव्हा उसनवारी परत केली जाते एवढेच.

आता हीच फिल्म घेऊन राजापूरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, येऊ. जांभा लाल, आणि हिरवे पाहणारी फिल्म लालाला काळे करते. चिरेखाणीत ताज्या कापलेल्या भिंतीवर लाल, पिवळट आणि पांढुरके डाग शेजारीशेजारी असतात. साध्या कृष्णधवल फिल्मवर ते एकमेकांत मिसळतात. एक्स-रे फिल्मवर लाल भाग कोळशासारखा होतो आणि पांढुरके डाग उठून येतात. पावसाळ्यानंतर सड्यावर कोरलेल्या कातळशिल्पांच्या चरांत माती साचून गवत उगवते. हिरव्या गवताची ती रेघ या फिल्मवर काळ्या कातळावर उजळ होते. पौषात तेच गवत वाळून तपकिरी झाले की रेघ पुन्हा कातळात बुडते.

प्रकाशाचा पेच मात्र खरा आहे. उथळ चर दिसायला तिरपे ऊन लागते. पण सकाळ-संध्याकाळच्या उन्हात लाल जास्त, निळा-हिरवा कमी, म्हणून फिल्म त्याच वेळी सर्वांत मंद होते. दुपारी ८० ते १०० चा वेग धरून चालते. सूर्य कलला की उघडझाप दुप्पट-चौपट लांबवावी लागते. त्यात सावलीत आभाळाचा निळा उजेड उतरतो, तो फिल्मला चांगलाच कळतो, आणि चरांची खोली उथळ भासते. उपाय एकच: वाट पाहणे. फोटोसाठी चरांत खडू किंवा रांगोळी भरण्याची सवय काहींना आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. बारसूचा दोन वाघांमधला माणूस किंवा कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती ड्रोनने वरून पूर्ण टिपता येतो, आणि आराखड्यासाठी तो हवाच. दगडाची त्वचा, चराच्या काठावरचे घाव आणि शेवाळाचे थर टिपायला मात्र जमिनीवर उभा राहिलेला मोठा कॅमेराच लागतो.

वेळ थोडा आहे. दवाखाने डिजिटल झाले. आता एक्स-रे छापून देतात ती कोरडी फिल्म उष्णतेने उमटते. कॅमेऱ्यात ती निरुपयोगी आहे, दुकानात मागताना हे नीट विचारून घ्यावे. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स १९६० मध्ये स्थापन झाली, ‘इंदू’ नावाने देशाला एक्स-रे फिल्मही पुरवत राहिली, आणि बंद पडली. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ आणि कशेळी ही राजापूर तालुक्यातली. ओल्या डेव्हलपरची फिल्म मिळते आहे तोवर या चार ठिकाणांची नेगेटिव्हे करून ठेवावीत: एक भाद्रपदात हिरव्या चरांसह, एक पौषात वाळल्या गवतासह आणि एक वैशाखात उघड्या कातळाची. प्रत्येक शीटच्या पाकिटावर तारीख, वेळ, आभाळाची स्थिती आणि डेव्हलपरचे प्रमाण लिहावे.