लाइनवर कोण आहे?

टेलिफोनच्या नोकरीतली माझी बरीच वर्षं रस्त्याकडेच्या पिलरपुढे उकिडवं बसण्यात गेली. झाकण उघडलं की आत तांब्याच्या तारांच्या शेकडो जोड्या, एकेक जोडी म्हणजे एकेक घर. तक्रार आलेल्या जोडीला तपासणीच्या फोनची क्लिप लावायची आणि डायल टोन येतो का ते ऐकायचं. कधी क्लिप चुकून शेजारच्या जोडीला लागायची आणि कानात कुणाचं तरी घरच उघडायचं. स्थळाची बोलणी, उसनवारीचा हिशेब, नवराबायकोचं भांडण. आम्ही क्लिप काढायचो, कायद्याच्या भीतीपेक्षा लाजेनं. पण ती काढायची की ठेवायची हे आमच्या मनावर होतं. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच नसायचा.

निवृत्तीनंतर राईतल्या जुन्या घरात राहायला आलो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओळीनं लागतात. आता भोवती टॉवर उठलेत, पण हवा अजून खारीच आहे. घरात सहा मोबाइल, एक स्मार्ट टीव्ही आणि ओटीवर पुतण्यानं लावलेला कॅमेरा. एकदा सहज राउटरच्या नोंदी उघडल्या. घर झोपलेलं असताना कॅमेरा आणि टीव्ही रात्रभर बाहेर कुणाशी तरी बोलत होते. मला तो पिलर आठवला. या वेळी जोडी आमची होती.

आईला सांगितलं तर म्हणाली, “मना काय लपवाचा हाय?” बहुतेकांचं हेच म्हणणं असतं. पण एक्स्चेंजमध्ये बोलणं न ऐकताही पुष्कळ कळायचं. कुणी, कुणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला एवढी नोंद पुरायची. रोज रात्री अकराला त्याच नंबरवर चाळीस मिनिटं, एवढ्यावरून गोष्ट रचता येते. आजची बरीच ॲप्स मजकूर कुलूपबंद करतात, या नोंदी मात्र बहुतेकांकडे उरतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही आला. त्यानं ओटीवरचा कॅमेरा गप्प झाला नाही. ते काम मला करावं लागलं.

टीव्हीचं सोपं होतं, त्याचं वायफाय काढलं. टीव्ही काय दाखवतो एवढंच आपण बघतो, पण काही संच पडद्यावर काय चाललंय याची नोंद घेऊन कंपनीला धाडतात. अमेरिकेत विझिओ कंपनीनं एक कोटी दहा लाख संचांवरून हेच केलं आणि २०१७ मध्ये बावीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. कॅमेऱ्याला मात्र पर्याय शोधावा लागला. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: इंटरनेट बंद केलं तर रेकॉर्डिंग चालू राहतं का? तो ‘ॲप लागेलच’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ ही नावं खोक्यावर असली तर चित्र थेट आपल्या घरच्या मशीनवर घेता येतं. माझा आताचा कॅमेरा तसा आहे. राउटरवर त्याची बाहेरची वाट बंद केली आहे.

फोनची गंमत वेगळी. अँड्रॉइडवरचं गूगलचं बस्तान कमी करणाऱ्या प्रणालींत ग्रॅफीनओएस सगळ्यांत कडक मानली जाते, आणि ती वर्षानुवर्षं चालत आली गूगलच्याच पिक्सेल फोनवर. सावकाराच्या तावडीतून सुटायला सावकाराकडूनच कर्ज काढण्यातला प्रकार. कारण मात्र साधं आहे. या फोनचं आतलं कुलूप, ज्याला बूटलोडर म्हणतात, मालकाला उघडता येतं आणि नवी प्रणाली घालून पुन्हा लावताही येतं. पिक्सेल ८ पासून सात वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, म्हणून वापरलेला घेतला तरी बरीच वर्षं जातील. तुमच्याकडचा जुना फोन लिनिएजओएस या दुसऱ्या प्रणालीच्या यादीत असेल तर तीही आहे, पण तिथे बहुतेकदा ते कुलूप उघडंच राहतं. शिवाय बँकेची काही ॲप्स अशा फोनवर रुसतात. यूपीआयसाठी मी साधा फोन वेगळा ठेवलाय. शुद्धतेचं सोवळं पाळत बसलो असतो तर मासळीवालीचे पैसे राहिले असते.

खरा जीव गुंतला होता फोटोंत आणि आत्याच्या कॅसेटींत. आत्या धवलारीण होती, आगरी लग्नात धवले गाणारी. तिच्या आवाजाच्या अकरा कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. हे ठेवायचं कुठं? फुकट जागेचा भरवसा काय? गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झालीच. क्लाउड म्हणतात ते काही ढगात नसतं. ऐरोली-महापे पट्ट्यात, पनवेलला मोठमोठ्या इमारती आहेत, आत थंडगार हवेत दुसऱ्याच्या मालकीची मशीनं. मग माझं मशीन माझ्या माळ्यावर का नको?

भाचीचा जुना लॅपटॉप घेतला. आठ जीबी मेमरी, बिजागरी मोडलेली. त्यावर डेबियन लिनक्स घातलं. फोटोंसाठी इमिच, जे चेहरेही ओळखतं, पण ओळख घरच्याच मशीनवर होते. कागदपत्रं, सातबारे, कॅलेंडरसाठी नेक्स्टक्लाउड, गाण्यांसाठी जेलीफिन. तिन्ही मुक्तस्रोत, म्हणजे त्यांची पाककृती सगळ्यांपुढे उघडी. त्याचा उपयोग काय ते नेक्स्टक्लाउडच्याच जन्मात दिसतं. ओनक्लाउड सुरू करणारा फ्रँक कार्लिचेक २०१६ मध्ये स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला आणि तोच कोड घेऊन त्यानं नेक्स्टक्लाउड उभं केलं. कंपनी दुरावली तरी कोड दुरावत नाही. हे काही परदेशीच आहे असंही नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करणारा माझा पुतण्या हिशेबाला ईआरपीनेक्स्ट वापरतो. ते मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, रुषभ मेहता यांनी उभं केलेलं, स्वतःच्या मशीनवर चालवता येणारं.

लॅपटॉप साधारण पंधरा वॅट खातो, म्हणजे महिन्याला अकराच्या आसपास युनिट. वीज गेली तर बॅटरी असतेच. अडलं ते बाहेरून पोचायला. आमच्या इंटरनेटला स्वतःचा पत्ताच नाही, अनेक घरांत मिळून एक. ऑफिसातल्या ईपीएबीएक्ससारखं समजा. आतून बाहेर फोन लागतो, पण बाहेरच्याला थेट एक्स्टेन्शन नाही मिळत. उपाय असा की आतल्यानंच आधी बाहेर फोन लावून लाइन धरून ठेवायची. वायरगार्ड नावाचं छोटं मुक्त सॉफ्टवेअर हेच करतं, कुलूपबंद बोगद्यातून. त्यासाठी महिना भाड्यानं एक चिमुकला सर्व्हर घेतलाय. 

ईमेल मात्र घरी ठेवण्याच्या फंदात पडू नका. मी पडलो. पाठवलेलं प्रत्येक पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये, आणि आम्ही उत्तराची वाट बघतोय. दोन महिन्यांत गाशा गुंडाळला. दुसरी चूक महाग पडली. पावसाळ्यात बाहेरची हार्ड डिस्क माळ्यावर उघडी ठेवली होती. खाऱ्या दमट हवेनं तिची जोडणी गंजली आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात ती गेली. नशीब, कॅसेटींची दुसरी प्रत होती. तोवर कंपन्यांना मी नावं ठेवत होतो, त्या दिवशी माझाच कस्टमर केअर मी होतो आणि फोन उचलायला कुणी नव्हतं. घरचं मशीन म्हणजे घरची विहीर. पाणी आपलं, गाळही आपणच काढायचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान फोनमधला जाहिरातीचा आयडी पुसावा आणि टॉर्चच्या ॲपला लोकेशन कशाला हवं हे विचारावं. तेवढ्यानंही बऱ्याच क्लिपा निघतात.

आता एक प्रत माळ्यावर, एक कपाटात आणि एक उत्तनला बहिणीकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसनं डिस्क नेतो, जुनी परत आणतो. सगळं कुलूपबंद आहे, पासवर्ड माझ्या वहीत. दमटपणा नको म्हणून बहीण ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. आत आत्याचा आवाज आहे हे तिला मागच्या खेपेला कळलं. तिनं डबा उचलून दागिन्यांच्या कपाटात ठेवला, चावी कनवटीला लावली आणि म्हणाली, “पुढल्या वेळी आधी फोन करून ये, दादा. मी बघीन देयाची का नाय ते.”