अरुंद नळीत दाब घटतो तो का?

रुंद नळीला अरुंद नळी जोडली, तर वाहत्या पाण्याचा दाब कुठे जास्त असेल? चिंचोळ्या जागेत पाणी कोंबले जाते, म्हणून तिथे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट घडते आणि त्याचे कारण न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. पाणी जवळजवळ आकुंचन पावत नाही. त्यामुळे रुंद भागातून सेकंदाला जितके पाणी येते, तितकेच अरुंद भागातून पुढे जावे लागते. व्यास 10 सेंटिमीटरवरून 5 झाला की छेदाचे क्षेत्रफळ चौथाई होते आणि सेकंदाला 1 मीटर वेगाने येणारे पाणी 4 मीटर वेगाने धावू लागते. वेग वाढायचा तर पुढे ढकलणारे बल हवे. आडव्या नळीत ते मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असेल तरच मिळते. घर्षण सोडले, तर हा फरक 7500 पास्कल, म्हणजे सुमारे 76 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो.

डॅनियल बर्नोलीने दाब आणि वेगाचे हे नाते 1738 साली 'हायड्रोडायनामिका' या ग्रंथात मांडले. पुढे ऑयलरने त्याला समीकरणाचे रूप दिले. त्याची खरी कसोटी मोजमापात लागली. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी याने निमुळत्या नळ्यांवरचे प्रयोग 1797 साली प्रसिद्ध केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी अभियंता क्लेमेन्स हर्शेल याने त्याच तत्त्वावर व्हेंच्युरी मीटर घडवला. मोठ्या जलवाहिनीचा थोडा भाग आवळायचा, रुंद आणि आवळलेल्या भागातला दाब मोजायचा आणि फरकावरून प्रवाह काढायचा. आवळलेल्या भागात दाब वाढत असता, तर हे यंत्र चाललेच नसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडते, मग दाब वाढला नाही का? वाढला, पण अंगठ्याच्या मागे. तोंड आवळल्यावर एकूण प्रवाह घटतो, लांब पाइपमधले घर्षण कमी होते आणि वाचलेला दाब अंगठ्यापर्यंत पोहोचतो. फटीतून बाहेर पडताना तोच दाब वेगात रूपांतरित होतो. बाहेर आलेल्या धारेवर फक्त हवेचा दाब उरतो. दुसरा आक्षेप असा, की नळी पुन्हा रुंद झाल्यावरही दाब पूर्वीइतका होत नाही. हे खरे आहे, कारण घर्षण आणि भोवरे थोडी ऊर्जा खातात. म्हणून बर्नोलीचा नियम खोटा ठरत नाही, त्याची मर्यादा कळते. नळाला धार कमी येते म्हणून सगळी वाहिनीच बारीक करणाऱ्याने ही मर्यादा ध्यानात घ्यावी. खळाळत्या प्रवाहात व्यास निम्मा केला, तर तेवढेच पाणी नेताना घर्षणात जाणारा दाब सुमारे तीसपट होतो. आवळायचे ते फक्त तोंड. वाहिनी रुंदच हवी.