सागरावरचा एक निवांत दिवस

दिल्ली, नोएडा वा गुरुग्राम येथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसाला समुद्र तसा दूरचाच. यमुनेच्या पुलावरून मेट्रो जाते तेव्हा पाणी दिसते, पण दोन्ही काठही लगेच दिसतात. मात्र राजधानी एक्स्प्रेसने संध्याकाळी निघावे, सकाळी मुंबई गाठावी आणि तेथून क्रूझ जहाजावर चढावे, हा सुट्टीचा बेत आता आवाक्यात आला आहे. २०१८ साली 'आंग्रिया' जहाजाने मुंबई-गोवा सफर सुरू केली. २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे अकरा मजली जहाज मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाऊ लागले.

लक्षद्वीपसारख्या लांबच्या सफरीत एक दिवस असा येतो की जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही. हाच 'सागरी दिवस' होय. त्या दिवशी उतरायचे नसते, स्थळे पाहायची नसतात, घड्याळाचा धाक नसतो. सकाळी वरच्या मजल्यावर फेरफटका, दुपारी आरामखुर्चीत वाचन, संध्याकाळी कठड्याशी उभे राहून सूर्यास्त आणि रात्री नाट्यगृहातील कार्यक्रम, असा दिवस सरतो.

जहाजाची गती नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १५ नॉट गतीचे जहाज ताशी सुमारे २८ किलोमीटरच जाते. दिल्लीच्या मोकळ्या रस्त्यावरील मोटारीपेक्षाही हा वेग कमी. तथापि ते थांबत नाही आणि अहोरात्र चालून साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापते. वीज जहाजावरच निर्माण होते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी तयार केले जाते आणि तळाशी दोन्ही बाजूंना असलेले पंखे लाटांवरील डोलणे कमी करतात. तरीही ज्यांना मळमळीचा त्रास होतो, त्यांनी जहाजाच्या मध्यभागातील खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

या निवांतपणाचा आरंभ मात्र एका कवायतीने होतो. प्रवाशांना संकटकाळी एकत्र जमण्याची जागा दाखवली जाते आणि जीवरक्षक जाकीट कसे घालावे हे समजावले जाते. अनेकांना हा सुट्टीतील व्यत्यय वाटतो. परंतु या नियमामागे मोठी किंमत मोजलेली आहे. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाले तेव्हा जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवरक्षक नौकांत जागा केवळ १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली लंडन येथे सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. काही तासांपूर्वी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यापूर्वी चोवीस तासांची मुभा होती. पुढे ही कवायत जहाज निघण्यापूर्वी अथवा निघताच घेणे सक्तीचे झाले.

महाराष्ट्रालाही ही वेदना परकी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक प्रवासी दगावले. कोकणातील कित्येक घरांत ती आठवण आजही काढली जाते. आजचा प्रवासी आरामखुर्चीत डोळे मिटू शकतो, तो अशा दुर्घटनांतून जगाने घेतलेल्या धड्यांमुळे.

आर्थिक बाजूही आधीच पाहून ठेवावी. तिकिटाच्या रकमेत काय समाविष्ट आहे आणि बंदर शुल्क, कर व सेवा शुल्क किती, हे आरक्षणापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. बहुतेक क्रूझ जहाजांवर रोख व्यवहार होत नाहीत. खर्च प्रवाशाच्या जहाजावरील खात्यात नोंदला जातो आणि शेवटी देयक हाती येते. ते घाईत चुकते न करता रोजच्या रोज नोंदी तपासाव्यात. किनारा दूर जाताच मोबाईलचे नेटवर्क जाते, त्यामुळे व्यवहारासाठी लागणारा ओटीपीही येत नाही. म्हणून विम्याचे हप्ते, विजेची देयके व कर्जाचे हप्ते निघण्यापूर्वीच भरावेत किंवा खात्यातून परस्पर वळते होतील अशी व्यवस्था करावी. घरातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला परतीचा दिवस आणि जहाजाचे नाव कळवून ठेवावे.

एवढी तयारी झाली की मग फोन बंद राहिला तरी मनाला हुरहुर लागत नाही. विसावा ही केवळ पैसे मोजून मिळणारी वस्तू नव्हे. ज्याने आपली कामे वेळेवर उरकली आहेत आणि ज्याच्या सुरक्षेसाठी इतरांनी आपले काम चोख केले आहे, त्यालाच तो खऱ्या अर्थाने लाभतो. कवायतीची सूचना होताच प्रत्येक प्रवाशाने हसतमुखाने उठावे. पुढच्या निवांत दिवसाचा तो पहिला हप्ता आहे.