पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि मुरणारं पाणी

चौकातल्या छोट्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवले की फटींमधून पाणी जमिनीत मुरतं, असा समज सर्रास आढळतो. नेहमीच्या पद्धतीत तसं फारसं घडत नाही. ब्लॉकखाली दाबलेला मुरूम, त्यावर बारीक कच आणि फटींतही कचच असते. धूळ बसत गेली की त्या बुजतात. काही ठिकाणी तर खाली काँक्रीटच असतं. परातीत ठेवलेल्या चाळणीत पाणी ओतावं, तसा हा प्रकार: भोकं आहेत, पण पाण्याला पुढे वाट नाही.

पारगम्य फरसबंदी (पाणी झिरपून खाली जाऊ देणारी) वेगळी असते. तिच्या रुंद फटींत बारीक खडी भरतात. खरं काम मात्र खालचा थर करतो. त्यात भुकटी नसलेली, धुतलेली खडीच हवी, कारण दगडांमधली पोकळी हीच पाण्याची टाकी. पोकळी एक तृतीयांश धरली, तर 30 सेंटिमीटर जाडीच्या थरात 100 मिलिमीटर पाऊस मावतो आणि मग सावकाश मुरतो. काळ्या मातीत हे मुरणं फार संथ असतं. तिथे थराच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून जादा पाणी काढून द्यावं लागतं. हा पाइप अंदाजपत्रकातून अजिबात गाळू नये.

झाडाच्या बुंध्याला मात्र कोणतीच फरसबंदी भिडवू नये. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये सांगितलं होतं.

पारगम्य फरसबंदीची देखभालही सोपी आहे. या फरशीवर माती-वाळूचे ढीग टाकू देऊ नयेत, आणि फटी बुजल्याच तर वरची खडी काढून नवी भरावी.