नातवंडांच्या तोंडी मराठी शब्द कसे येतात?

आपल्या समाजातील बऱ्याच घरांत आज तीन पिढ्या आणि दोन भाषा एकत्र नांदतात. आजी-आजोबा मराठीत विचारतात, नातवंडे हिब्रूत उत्तर देतात आणि मधली पिढी दोन्हीकडचे सांभाळून घेते. "मुलांना मराठी येतच नाही," असे आपण सहज म्हणतो. पण ते पुरते खरे नसते.

लहान मूल कोणताही शब्द आधी समजते आणि नंतर बोलते. "चपला काढ", "हात धुऊन ये", "आजोबांना पाणी दे" असे सांगितल्यावर जे मूल उठून ते काम करते, त्याला हे शब्द कळलेले असतात. त्याने "बेसेदेर, सव्ता" असे उत्तर दिले, म्हणून आपले बोलणे वाया गेले असे समजू नये. मात्र कळलेला शब्द तोंडी यायचा, तर तो वेगवेगळ्या प्रसंगी पुन्हा पुन्हा कानावर पडावा लागतो आणि तो वापरण्याची गरजही भासावी लागते.

मूल आधी गानमध्ये आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास किता अलेफमध्ये जाऊ लागले की त्याचा खेळ, भांडण, हिशेब सारे हिब्रूत होते. शब्द जिथे लागतो तिथेच तो रुजतो. म्हणून वहीला ते 'मखबेरेत' म्हणते, पण लाटणे, फोडणी, पोळपाट हे शब्द त्याला मराठीतच माहीत असतात. एकेका भाषेतले शब्द मोजले तर ते कमी वाटतील. दोन्ही मिळून मोजले तर बहुधा काही उणे दिसत नाही. "मला मायिम दे" म्हणणारे मूलही गोंधळलेले नसते. शब्द एक हिब्रू, पण वाक्याची ठेवण मराठी! अशा वेळी रागावण्यापेक्षा "पाणी हवंय? घे पाणी," एवढे म्हणावे. तसेच, हिब्रूत नपुंसकलिंग नाही, म्हणून मूल "तो घर" म्हणेल. "हो, ते घर मोठं आहे," असे उत्तर दिले की चूक न दाखवताही योग्य रूप त्याच्या कानी जाते.

कानाची गोष्ट तर याहून लवकर सुरू होते. हिब्रूत ट, ड, ण, ळ हे आपले उच्चार नाहीत. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांना असे आढळले की, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक कळतो. वर्षाची होईपर्यंत मात्र बहुतेकांची ती जाण कमी होते. म्हणून दिव्याची 'वात' आणि चालायची 'वाट' वेगळी ऐकू यावी असे वाटत असेल, तर पाळण्यातल्या बाळाशीही मराठीत बोलावे. मोठे मूल शिकू शकत नाही असे नाही. त्याला कष्ट अधिक पडतात, इतकेच.

घरातून भाषा उभी राहते, हे याच देशात घडले आहे. 1882 साली जेरुसलेममध्ये एलिएझर बेन-येहुदा यांना मुलगा झाला, तेव्हा घरात त्याच्याशी फक्त हिब्रूत बोलायचे असे त्यांनी ठरवले. रोजच्या वापराचे कितीतरी शब्द तेव्हा हिब्रूत नव्हते. बाहुलीसाठी 'बुबा', आइस्क्रीमसाठी 'ग्लिदा' असे शब्द त्यांना घडवावे लागले. आपल्याला नवे घडवायचे नाहीत. आहेत ते वापरायचे आहेत.

आणि आपल्याकडे ते भरपूर आहेत. कोकणात आपले वाडवडील रोश हशानाला 'नव्याचा सण' आणि तिशा बेआवच्या उपासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणत. बिरड्यासाठी वाल भिजत घालताना नातवंडाला जवळ बसवले, तर भिजणे, मोड येणे, साल काढणे, सोलणे हे सारे शब्द हातांबरोबर शिकून होतात. मलिद्याचे पोहे भिजवताना, नारळ खवताना तेच. पेणकर, रोहेकर, नवगावकर या आडनावांतला 'कर' समजावला, तर मुलाला आपल्या गावाचे नावही कळते.

याची गरज केवळ अभिमानापुरती नाही. उतारवयात, विशेषतः विस्मरणाचा आजार जडला तर, काही जणांची मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि बालपणीची टिकून राहते. अशा वेळी "तहान लागली", "पाठ दुखते", "दिवा लाव" हे समजणारे कुणी घरात असावे लागते. ते आज आपल्या मांडीवर खेळणारे नातवंडच असू शकते.

म्हणून आमची वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे, की नातवंडांची परीक्षा घेऊ नका. "सांग, याला मराठीत काय म्हणतात?" असे विचारले की मूल गप्प होते. त्याऐवजी रोजचे एखादे काम ठरवा: शब्बाथची तयारी, भाजी निवडणे किंवा फोनवरची पाच मिनिटे. तेवढा वेळ फक्त मराठीत बोला. ते हिब्रूत उत्तर देईल, देऊ द्या. आपण मराठी सोडू नये.